सिंचना, ऊठ, पाणी पी

मंगळवारी दुपारी, जेवणानंतरची सुस्ती नुकती डोळ्यांवर उतरत असताना, सिंचना हेगडेला एक मेल आली आणि तिची झोपच उडाली.

'तुम्ही काल केलेल्या बदलामुळे मालपे बंदराचे लिलावाचे दर दिसेनासे झाले आहेत. ताबडतोब दुरुस्त करा.' खाली कंपनीचं नाव होतं मीनपेठ.

सिंचनानं मालपे बंदर आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत, तेही नाक धरून. ती शिरसीकडची, सुपारीच्या बागेत वाढलेली, आणि आता बंगळूरात एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी. माशांच्या लिलावाशी तिचा संबंध यायचं काही कारणच नव्हतं. तिनं चार ओळींचं उत्तर ठोकून दिलं. मी तुमच्याकडे कामाला नाही, कधीही नव्हते, नीट चौकशी करा.

पाच-दहा मिनिटांत दुसरी मेल आली, वेगळ्याच माणसाची. 'मॅडम, चूक माझी आहे. गेले सहा महिने मी तुमच्या नावानं काम करतोय. मला हे आत्ताच कळलं. फोन केला तर रागावणार नाही ना? – निश्चल खार्वी.'

रागावणार नाही ना, म्हणे. सिंचनानं खालचा नंबर पाहिला आणि स्वतःच फोन लावला.

"माझं नाव तुमच्याकडे आलं कसं?"

"तुमच्या पानावरून..." पलीकडचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला फोन कानाशी दाबून धरावा लागला.

आता हे पान म्हणजे काय, ते सांगायला हवं. या धंद्यातल्या बऱ्याच जणांना इंटरनेटवर स्वतःचं एक पान मांडायची हौस असते. मी कुठला कीबोर्ड वापरते, कुठले प्रोग्रॅम, बोटं दुखू नयेत म्हणून काय करते, नव्या लोकांनी काय टाळावं, आणि शेवटी, माझे छंद. सिंचनाचंही तसं पान होतं. त्यावर तिनं आपल्या कॉम्प्युटरच्या सगळ्या सेटिंगची एक फाईल ठेवली होती, ज्याला हवी त्यानं घ्यावी म्हणून. निश्चलनं नव्या नोकरीत नवा लॅपटॉप मिळाल्या मिळाल्या ती फाईल जशीच्या तशी उतरवून घेतली. तिच्यात वरच दोन ओळी होत्या, काम करणाऱ्याचं नाव आणि मेलचा पत्ता. त्या दिवसापासून त्यानं लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर सिंचना हेगडेचा शिक्का बसत गेला.

"त्या पानावरची पहिलीच सूचना काय आहे?" सिंचनानं मास्तरणीच्या सुरात विचारलं.

"पहिली सूचना?"

"दुसऱ्याची फाईल न वाचता आपल्या मशीनवर चढवू नका, अशी आहे."

"ती तेवढी राहिली वाचायची."

"पहिलीच राहिली?"

"मी शेवटून सुरुवात केली. आधी छंद वाचले. मग तुमचे जुने रेडिओ दुरुस्त केलेले फोटो बघत बसलो, आणि मग... उशीर झाला."

ते पान लोक कीबोर्डसाठी वाचतात हे तिला ठाऊक होतं. रेडिओपर्यंत कुणी पोहोचत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आणि सहा महिन्यांत मला मेल एकच कशी आली?" तिनं सूर शक्य तितका कडक ठेवला.

"काही बिघडलं तरच मेल जाते. याआधी बिघडलं नव्हतं." हे त्यानं अजिबात मिरवून सांगितलं नाही, आणि तेच तिच्या मनात राहिलं.

खरी अडचण त्यानंतर बाहेर आली. निश्चल अजून कच्च्या नोकरीत होता. शुक्रवारी त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं, आणि ठरवणार होत्या कंपनीच्या मालकीणबाई, कामत मॅडम. त्यांनी हिशेब काढून पाहिला तर निश्चलच्या नावावर कामच नाही, सगळं कुणा सिंचनाच्या नावावर. त्यांचं म्हणणं एकच होतं. हा मुलगा कंपनीचं काम बाहेरच्या मुलीकडून करून घेतो आणि फुकटचा पगार खातो.

"तुम्ही एकदा येऊन सांगाल का... की तुम्ही मला ओळखत नाही?"

"ओळखत नाहीच मी तुम्हाला."

"हो. तेवढंच सांगायचंय."

बुधवारी संध्याकाळी ती त्याला भेटली. कुणाच्या बाजूनं साक्ष द्यायची त्याचं तोंड तरी बघावं, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरच्या दर्शिनी हॉटेलात, जिथं उभ्यानंच खायचं असतं, तो एका उंच टेबलाशी उभा होता. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. सावळा, सडपातळ, केसांवर पावसाचे थेंब, आणि चेहऱ्यावर शिक्षा ऐकायला आल्यासारखा भाव. त्यानं एक कॉफी 'वन बाय टू' सांगितली आणि मग एकदम दचकला.

"सॉरी. सवयीनं... पूर्ण मागवतो तुमच्यासाठी."

"राहू दे. नाव अर्धं वाटून घेतलंच आहे, कॉफीनं काय होतंय."

तो हसला. हसताना त्याची मान किंचित डावीकडे झुकते, हे तिनं पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "माझ्या फाईलीत एक आठवण लावलेली आहे. दर तासाला पडद्यावर येते."

"सिंचना, ऊठ, पाणी पी." तो लगेच म्हणाला.

"ती तुमच्याकडेही यायची?"

"रोज. ऑफिसात सगळ्यांना पाठ झालीय."

"मग माझं नाव दिसलं होतं की तुम्हाला. तेव्हाच काढून का नाही टाकलंत?"

निश्चलनं पेल्यातली कॉफी उगाचच वाटीत ओतली, वाटीतली पुन्हा पेल्यात. "कामावर पण तेच नाव लागतंय, हे खरंच माहीत नव्हतं. पण ती आठवण... ती काढता आली असती. नाही काढली. दर तासाला कुणीतरी कुणालातरी पाणी पी म्हणतंय, बरं वाटायचं."

"आणि प्यायचात?"

"उठून प्यायचो. सिंचनाला सांगितलंय म्हटल्यावर कुणीतरी प्यायला नको?"

सिंचनाला हसू आवरेना. तिनं ते पावसाकडे बघून हसून घेतलं.

मग तो त्या नोकरीबद्दल बोलला. गंगोळ्ळीचा तो, आई बंदरावर मासे विकते. पहाटे लिलावात दर काय फुटला ते दलाल सांगेल तेच खरं मानायचं, अशीच तिची उमर गेली. मीनपेठमुळे आता तिला स्वतःच्या फोनवर दर दिसतो. "याआधी मोठ्या कंपनीत होतो, पगार जास्त होता. पण मी काय करतो ते आईला कधी सांगता आलं नाही. आता ती दलालाला म्हणते, थांब, माझ्या मुलाला विचारते." त्यानं पेला बाजूला ठेवला. "शुक्रवारी काढलं, तर तिला काय सांगू तेच कळत नाही."

इतकं सरळ बोलणारा माणूस सिंचनाच्या पाहण्यात फारसा नव्हता. जाताना पाऊस वाढला. छत्री तिच्याकडे एकच होती, आणि बसथांब्यापर्यंत दोघांचाही एकेक खांदा भिजला. गुरुवारी साक्षीत काय बोलायचं ते ठरवायला म्हणून फोन झाला आणि त्यात यक्षगान, रेडिओतली जळलेली तार, तिच्या आजोळचं ताकातलं तंबळी असं सगळं आलं. साक्षीचं काय ठरलं ते फोन ठेवल्यावर दोघांनाही आठवेना. 'अहो' मात्र त्या फोनमध्येच कुठेतरी गळून पडलं.

शुक्रवारी ती मीनपेठच्या ऑफिसात गेली. कामत मॅडम साठीच्या, चष्मा साखळीला बांधलेला, आवाज कोर्टात शोभेल असा. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"तू याला कधीपासून ओळखतेस?"

"मंगळवारपासून, मॅडम."

"कुठल्या मंगळवारपासून?"

"याच."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. निश्चल नकळत आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास सिंचनाकडे सरकवत होता. तिनं तो घेतलाही. मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"चार दिवसांत ही प्रगती? मी केस काय उन्हात पांढरे केलेत का? निश्चल, तू सांग. ही मुलगी तुझी कोण?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "कोणी नाही, मॅडम."

उत्तर बरोबर होतं. मंगळवारी ठरलं तसंच होतं. तरी सिंचनाच्या छातीत काहीतरी बारीकसं टोचलं, आणि आपल्याला टोचलं याचाच तिला राग आला.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "हा याचा लॅपटॉप. मालपेहून तक्रार आलीय, दराची यादी उलटीपालटी दिसतेय. तू बसून नीट कर बघू."

आणि इथं घोटाळा झाला. लॅपटॉप निश्चलचा, पण त्याच्यात सगळं सिंचनाचंच होतं. तिच्या सवयीच्या कळा, तिचे रंग, तिच्या खिडक्यांची तिनं लावलेली मांडणी. तिनं बोटं ठेवली मात्र, ती आपल्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखी चालायला लागली. कुठली फाईल कुठे, ती न बघता उघडत गेली. निश्चलनं डोळे मिटून घेतले.

"वा," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "मंगळवारची ओळख, आणि हात मात्र सहा महिन्यांचे."

"मॅडम, ही सेटिंग माझी आहेत, म्हणून फक्त..."

"तू गप्प बसून काम कर."

आपण जितकं नीट करू तितका हा खड्ड्यात जाणार, हे तिला दिसत होतं. मुद्दाम चुकावं का, असंही क्षणभर मनात आलं. पण मॅडमच्या नजरेसमोर खोटं टिकलं नसतं, आणि तिला ते करवलंही नसतं. तिनं यादी उघडली. पडद्यावर माशांची नावं उभी राहिली. कुठला मासा टोपलीनं विकायचा, कुठला किलोनं, कुठला नगावर, ते प्रत्येकापुढे भरायचं होतं.

इथं तिची बोटं थांबली.

तिनं मनापासून विचार केला. सुरमई नाव नाजूक वाटलं, म्हणजे मासा छोटा असणार. तिनं सुरमई टोपलीनं लावली. तारली तिला भारदस्त वाटली. तिच्यापुढे तिनं नगाचा दर घातला. कोळंबीपुढे बराच वेळ घालवून शेवटी तिनं हळूच विचारलं, "ही कापून विकतात, की अख्खी?"

मग कामत मॅडमच्या खांद्यांना हादरे बसू लागले. त्यांनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, आणि पुन्हा पडद्याकडे बघून पुन्हा हसू लागल्या.

"एकेक बोटभर तारली मोजून विकायला लावतेस? मालपेच्या बायका मला उचलून बंदरात टाकतील. अगं, तू मासा कधी बघितलायस का?"

"सहलीत... लांबून."

"हिनं हे काम केलेलं नाही," मॅडमनी जाहीर करून टाकलं. "सहा महिने काय, सहा मिनिटंसुद्धा केलेलं नाही. निश्चल, त्या फाईलीतलं नाव आज बदल. सोमवारपासून तू कायम. आणि पुढच्या वेळी काही उचलायचं असेल तर आधी वाच."

बाहेर लिफ्टपाशी निश्चलचा चेहरा असा उजळला होता की सिंचनाला क्षणभर बघवेना. त्यानं आईला फोन लावला, तोडकं-मोडकं काहीतरी बोलला, डोळे पुसले. मग तिच्याकडे वळला.

"कसे आभार मानू तुझे, सिंचना."

"जी कोणी नाही, तिचे कशाला आभार मानतोस." ती लिफ्टचं बटण दाबत म्हणाली. लिफ्ट आधीच आलेली होती.

"तू ते... अगं, तिथं दुसरं काय बोलणार होतो? दुसरं काही बोललो असतो तर नोकरी गेली असती."

"बरोबर आहे तुझं. मी कुठं काय म्हणतेय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वळला आणि तडक मॅडमच्या काचेच्या केबिनकडे चालायला लागला.

"निश्चल, कुठं चाललास? अरे..."

काचेतून तिला फक्त दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. तो हात मागे बांधून उभा होता. मॅडम वर बघत होत्या. तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. मॅडमनी त्याच्या खांद्यावरून सिंचनाकडे पाहिलं, बराच वेळ. आत्ताच हाती आलेली नोकरी हा वेडा माणूस आपल्या हातानं परत करतोय, आणि तेही आपण दोन शब्द लावून बोललो म्हणून. जाऊन त्याला बाहेर ओढावं असं तिला वाटलं, पण ती लिफ्टचं दार हातानं अडवून तिथंच उभी राहिली. तिला भीती वाटत होती आणि त्याच वेळी इतकं बरंही वाटत होतं, की दोन्ही एकदम कसं वाटतं ते तिचं तिलाच कळेना.

तो बाहेर आला. कान लाल झाले होते.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मॅडम, तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं. मंगळवारपर्यंत ती माझी कोणी नव्हती हे खरं. पण आज नाही... आज तसं म्हणणं खोटं आहे."

"आणि नोकरी?"

"आहे."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तू ग्लास सरकवलास तेव्हाच ते मला कळलं होतं. हे मला कशाला सांगत बसलायस, तिला सांग."

"मग?" सिंचनानं लिफ्टच्या दारावरचा हात काढून घेतला. दार बंद झालं, लिफ्ट रिकामीच खाली गेली. "सांग की."

निश्चलनं एक मोठा श्वास घेतला. "मला तू आवडतेस. पानावरची आधीपासून आवडत होतीस, ही समोरची त्याहून जास्त. यात कुठलीच ओळ न वाचता उचललेली नाही."

सिंचनानं त्याच्याकडे पाहिलं. मान आज डावीकडे झुकलेली नव्हती, ताठ होती, आणि डोळे मात्र उत्तरासाठी घाबरलेले.

"मलाही," ती म्हणाली. "आणि तुझ्या आईला पुढच्या महिन्यात भेटायला येईन, तेव्हा मी तुझी कोण हे असंच सांगायचं. अडखळायचं नाही."

तो अडखळतच हो म्हणाला. मग दोघं जिन्यानं खाली निघाले.