सरकीचा डाव

दिवाळीत पाऊस आला की वऱ्हाडात त्याचं कोणी कौतुक करत नाही. फुटलेला कापूस झाडावरच काळा पडतो आणि माणसं ओसरीत बसून आभाळाला शिव्या देतात. त्या वर्षी भाऊबिजेला तसाच पाऊस लागला. साल चौऱ्याहत्तर असेल, नाही तर पंच्याहत्तर... पक्कं सांगितलं की लोक लगेच माझं वय काढतात. तो पाऊस मला मात्र अजून आवडतो.

मंगरूळला आमची जीन होती, कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आता तिथं मंगल कार्यालय आहे. दिवाळीनंतर लाभपंचमीला मुहूर्त व्हायचा, मग मशिनं सुरू. तोवर टिनाच्या शेडमध्ये कापसाच्या गंज्या लागलेल्या असायच्या. त्यातल्याच एकीवर मी पाय पसरून बसले होते. बाहेर पाऊस, वर टिनाचा आवाज. आणि एकदम एक माणूस धावत आत आला, घसरला, आणि थेट गंजीत पालथा!

उठला तेव्हा ओल्या सदऱ्याला, केसांना, भुवयांनासुद्धा कापूस चिकटलेला. मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात धरला.

"हसून घ्या," तो भुवईवरचा कापूस उपटत म्हणाला. "भागिरथीचं घर हेच ना? मी तिचा मावसभाऊ. आसेगावहून आलो, ओवाळून घ्याले."

"ओवाळाले वात नाई लागाची," मी म्हटलं. "तुमच्या अंगावर लय कापूस हाय."

नाव विचारलं तर म्हणे – लखमीचंद.

"इतकं म्हातारं नाव?"

"आजोबाचं हाय. त्यायनं वापरून ठेवलेलं."

भागिरथी म्हणजे माझी वहिनी. ओवाळणी झाली, जेवण झालं, आणि तेवढ्यात बातमी आली – नाल्याला पूर, आसेगावची एसटी बंद. पाहुणा अडकला. सगळे हळहळले, मीसुद्धा. चारचौघांत तेवढं करावंच लागतं.

आमच्या घरी दिवाळीत पत्ते चालायचे, तीन पत्ती. जैनाच्या घरात जुगार? पण हीराबाई आत्याचं शास्त्र वेगळं होतं. ती बाबूजींची थोरली बहीण, तिच्यापुढे बाबूजी खाली मान घालून बोलायचे. ती म्हणायची, "पैसा लावला का जुगार. सरकी लावली तं बैलाचं खाणं. त्याचं काई पाप लागत नाई." म्हणून आम्ही सरकीच्या मुठी लावून खेळायचो, आणि जिंकणाऱ्यानं आपली सरकी आवडत्या बैलाला घालायची. दिवे लागायच्या आत जेवायचं असल्यामुळे खेळ दुपारचाच.

शेवटच्या डावाला मात्र मान होता. मुहूर्ताच्या आदल्या दुपारी तो व्हायचा. जो जिंकेल त्यानं आत्याजवळ एक गोष्ट मागायची, आणि आत्या ती मोडायची नाही. वहिनीनं एकदा शिरपूरची यात्रा मागितली होती, दादानं रेडिओ.

मला त्या वर्षी जिंकायचंच होतं. अकोल्याच्या एका वखारवाल्यांचं स्थळ आलं होतं, पौर्णिमेला ते बघायला येणार होते. मुलगा पाहिलेला नव्हता, पण त्याचा फोटो आला होता... फोटोतसुद्धा तो लाकडं मोजत असल्यासारखा दिसत होता. त्या काळी मुलीनं आपल्या तोंडानं "नको" म्हणायचं नसतं. डाव जिंकून म्हटलं तर चाललं असतं.

पण मी खेळात कच्ची. पहिल्याच दुपारी अठ्ठ्यांची जोडी आली आणि मी मुठीवर मूठ लावत गेले. वहिनीनं गुलामांची जोडी दाखवून सगळी सरकी ओढून नेली.

"मधल्या जोडीनं घात केला," लखमीचंद हळूच म्हणाला.

"तुमाले लय समजते?"

"थोडं समजते. दुर्री-तिर्री आली तं माणूस सुखानं पानं फेकते. एक्क्यायची जोडी आली तं नाचते. मधली असली का – ना फेकवत, ना नाचवत."

"मंग कराचं काय?"

"आंधी पाहा, किती जण राह्यले. पाच जण असले तं अठ्ठ्याची जोडी लहान, कोणाजवळ तरी मोठं असतेच. दोघं-तिघं राह्यले तं तीच लय मोठी. लहान-लहान चाल द्या. घाई नाई, भेव बी नाई. अन् बडबड्या माणूस एकदम गप झाला... तं पानं ठेवून द्या."

"तुमी तं जेवल्यापासून गप होऊन राह्यले," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. आणि मग दोघांनाही पानं पिसायची फार घाई झाली.

पुढच्या दोन दुपारी तो माझ्या शेजारी बसून शिकवत होता. ओल्या कापसाचा वास, बाहेर ठिबकणारं पाणी, आणि त्याचं ते "घाई नाई". वहिनी मधूनच म्हणायची, "लखू, बहीण मी हाय तुही. मले बी काई शिकव!" आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा.

शेवटच्या डावाआधी मी त्याला विचारलं, "जितले तं काय मांगाल?"

"मांगाचं हाय एक."

"काय?"

"जितल्यावर सांगतो." हे त्यानं इतकं हळू म्हटलं की मला उगाच वाटलं, दुकानाला जागा वगैरे हवी असेल. आसेगावात त्यांचं कापडाचं लहानसं दुकान होतं.

पानं वाटली. आत्या नेहमीप्रमाणे पानं न बघता, बंद खेळत होती. दादा आणि वहिनीनं पानं टाकली. मी पाहिलं – नव्व्यांची जोडी. लखमीचंदनं पानं पाहिली, एक मूठ लावली... आणि गप्प झाला.

आम्ही तिघंच उरलो होतो. पानं ठेवावीत, की खेळावं? त्याचीच शिकवण त्याच्यावर चालवून पाहायची होती. मी म्हटलं, "साइड शो."

म्हणजे आपल्या आधी चाल देणाऱ्याची पानं आपण पाहायची, त्यानं आपली. दोघांनीच. ज्याची हलकी, त्यानं मुकाट्यानं डाव सोडायचा. बाकीच्यांना काही दिसत नाही.

तो वाकला, मी वाकले. माझ्या नव्व्या त्यानं पाहिल्या. त्याच्या हातात राण्यांची जोडी होती.

मी पानं खाली ठेवणार, तेवढ्यात त्यानं आपली पानं पालथी करून ढिगात सारली. "गेलो मी," म्हणाला. "यायची पानं मोठी हाय."

माझी पानं हातातच राहिली. आत्यानं आपली पानं उचलून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि शो मागितला, म्हणजे दोघींनी पानं उघडायची. तिच्याजवळ नुसता एक्का होता. डाव माझा झाला.

"मांग," आत्या म्हणाली. बाबूजीसुद्धा येऊन उभे राहिले.

अकोला अगदी ओठांवर आलं होतं. एक शब्द, की पौर्णिमेची कटकट संपली. पण समोर तो सरकीचे दाणे निवडत खाली मान घालून बसलेला, आणि मला कळेना, हा माणूस काय मागणार होता? आणि मागणार होता तर सोडलं कशाला? हे कळल्याशिवाय मला अकोल्याची सुटका गोड लागली नसती.

"आत्या," मी म्हटलं, "हे जितले असते तं काय मांगत होते, ते यायले सांगाले लाव. माहं मांगणं एवढंच."

"अंगुरी, येडी झाली का?" वहिनी ओरडली. तिला माझं सगळं माहीत होतं.

आत्यानं हात वर केला. "शब्द म्हणजे शब्द. बोल रे."

टिनावर पाऊस थांबला होता. नेमका तेव्हाच!

"मी..." तो बाबूजींकडे पाहत होता, आवाज आत्याकडे. "मी अंगुरीले मांगत होतो."

आत्या माझ्याकडे वळली. "मांगणारा तं बोलला. तुह्यं काय?"

बाबूजींसमोर, दादासमोर! मी सरकीच्या ढिगाकडे बघत म्हटलं, "मले चालते."

"हुकूमचंद," आत्या बाबूजींना म्हणाली, "अकोल्याले कळव, पोरगी दुसरीकडे दिली म्हणून."

नाल्याचं पाणी उतरलं आणि दुसऱ्या दिवशी एसटी सुरू झाली. स्टँडवर वहिनी सोबत होती. ती सीताफळवालीशी घासाघीस करत मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिली.

"राण्यायची जोडी कोणी फेकते का?" मी विचारलं. "जितलेच होते ना तुमी?"

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जितून तुमाले मांगितलं असतं, तं आत्यानं शब्द पाळला असता. तुमाले कोणी इचारलंच नसतं. मले तसं नोको होतं..."

कंडक्टरनं घंटी मारली. तो पळत पायरीवर चढला. हात हलवणं त्या काळी बरं दिसत नव्हतं. मी नुसती उभी राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत, आणि वहिनी सीताफळवालीला म्हणत होती, "आणखी दोन टाक वं बाई, घाई नाई आमाले."