न सापडलेली हेडर फाइल

सकाळी अकरा वाजता प्रोग्रामरच्या मेहुण्याने कार्यालयाचं दार ढकललं. प्रोग्रामर खुर्चीखाली पडला होता. आग विझवायच्या नळकांड्याने डोकं मागून ठेचलेलं, रक्त भिंतीवर खांद्याच्या उंचीपर्यंत उडालेलं. लॅपटॉप गायब.

मेहुण्याने त्याला उचलून धरलं आणि शर्ट लाल करून घेतला. आदल्याच दिवशी दोघांची कडाक्याची भांडणं झाली होती. पोलिसांना एवढं पुरे होतं. दुपारी तो कोठडीत होता आणि त्याची बहीण, प्रोग्रामरची बायको, चौकीच्या बाकावर. नवरा गेला, आता भाऊही चालला होता.

निरीक्षकबाई पोलिसात येण्यापूर्वी दोन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होत्या. त्यांनी प्रोग्रामरच्या धंद्यातल्या भागीदाराला त्याच्या संगणकासह चौकीत बोलावलं.

"सकाळी कुठे होता?"

"घरी. याच संगणकावर कोड कंपाइल केला, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनवला, आणि बाराला ग्राहकाला पाठवला. वेळ बघा ना."

"पुन्हा करून दाखवा."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली: हेडर फाइल सापडली नाही. ज्या फाइलमध्ये प्रोग्रामला लागणाऱ्या व्याख्या असतात, ती नसेल तर कंपायलर पाऊल पुढे टाकत नाही.

"पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, चुकला असेल," तो म्हणाला.

"दुरुस्त करा."

त्याने तीन फोल्डर जोडून पाहिले. लाल ओळ हटेना. दोघा भागीदारांच्या सामायिक साठ्यातही फाइल नव्हती.

"तीन आठवडे हे भागीदार तीच फाइल मागत होते," बाकावरून प्रोग्रामरची बायको म्हणाली. "तपासून झाल्याशिवाय देणार नाही म्हणायचे आमचे."

"मी... पुसली असेल चुकून."

"नाही." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही ओळ वाचा. मेलेल्याने फाइलचा पत्ता स्वतःच्या लॅपटॉपमधल्या फोल्डरचा लिहिलाय. प्रोग्रामर आळसाने असं करतात, मीही केलंय. मग प्रोग्राम फक्त त्याच मशीनवर कंपाइल होतो. तुम्ही बाराला पाठवलेला प्रोग्राम मी उघडला. कुठल्या फोल्डरात तो बांधला, हे कंपायलर आत लिहून ठेवतो. तो फोल्डर त्याच्या लॅपटॉपमधला आहे. डॉक्टर म्हणतात, तो अकराच्या आधीच मेला. म्हणजे बारा वाजता लॅपटॉप मारणाऱ्याकडे होता आणि प्रोग्राम पाठवलात तुम्ही."

हवालदार आत आला. भागीदाराच्या गाडीत, सुट्या चाकाखाली, रक्ताचे डाग पडलेला लॅपटॉप सापडला होता.

भागीदार खाली बसला. मेहुण्याला सोडायला हवालदार कोठडीकडे गेला, पण बायको जागची हलली नाही.

"शेवटी काय म्हणाले ते?"

भागीदाराने संगणक बंद केला.

"देतो म्हणाला. तपासून झाली, घे म्हणाला, आणि लॅपटॉपकडे वळला. माझ्या हातात तोवर नळकांडं होतं."

"मग मारलंत कशाला?"

"मला वाटलं, थापा मारतोय."