वटवट्याची फांदी खाली का आली?

"पुन्हा वाकडा!" मामानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "वटवट्या झकास आलाय, पण फोटो तिरका. स्टँड नीट लावत नाहीस तू."

भिंगरीनं नाक मुरडलं. बारा वर्षांत एका जागी पाच मिनिटं टिकली नाही, म्हणून घरच्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. पण या सुट्टीत तिच्यात कमालीचा बदल झाला होता. वसंतात वटवटे उत्तरेकडे निघतात आणि वाटेत काही दिवस इथल्या बागेत मुक्काम ठोकतात. पक्षी अंगठ्याएवढा, अंगात स्वस्थपणा नावाला नाही. त्याच्यामागे कॅमेरा फिरवून काही हाती लागत नाही. तो ज्या फांदीवर किडे टिपायला येतो, तिच्यावर कॅमेरा रोखायचा आणि मुकाट बसायचं. मामाच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा घेऊन भिंगरी रोज सकाळी त्याच बाकामागे, त्याच फरशीवर ठाण मांडायची.

मामा गिऱ्हाइकाकडे वळला, तसे तिनं सगळे फोटो ओळीनं लावले. मामाचा मुलगा लंबू आणि शेजारची रेडिओ तिच्या खांद्यांवरून वाकून बघू लागले. या रेडिओला बंद करायचं बटण मात्र नव्हतं.

"पहिल्या फोटोत फांदी मागच्या खांबावरच्या दिव्याच्या वर आहे," रेडिओ म्हणाली. "मग दिव्यासमोर. आज दिव्याच्या खाली. तुझा स्टँड वाकडाच आहे, मामा सांगतात ते बरोबर, मी तर आधीच..."

"थांब," भिंगरी म्हणाली. "स्टँड वाकडा असता तर दिव्याचा खांबही वाकडा आला असता. तो बघ. सगळ्या फोटोंत सरळ."

तिघंही पुन्हा पडद्यावर वाकले.

"म्हणजे झाडच..." लंबूनं वाक्य अर्धवट सोडलं.

त्या म्हाताऱ्या झाडाखाली वाळूचा हौद होता. रोज सकाळी पाळणाघराची मुलं तिथे खेळायला यायची, आणि तिचा चार वर्षांचा भाऊ ढब्बू त्यांच्यातच असायचा.

संध्याकाळी तिघं बागेत गेले. झाडामागच्या कुंपणापलीकडे जमिनीवर एक लांबलचक ताडपत्री पसरलेली होती. लंबूनं तिचं टोक उचललं. खाली चर खणलेला होता आणि चरातून नवा पाइप गेला होता.

"बागेतल्या नव्या कारंज्याचा असेल," तो कुजबुजला.

भिंगरी आत उतरली. ओल्या मातीचा वास नाकात गेला. हात टेकायला गेली तर बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. मांडीएवढं जाड मूळ, करवतीनं साफ कापलेलं. त्याच्या पुढे दुसरं, मग तिसरं. झाडाची या बाजूची सगळी मुळं कुणीतरी छाटून टाकली होती.

तेवढ्यात मातीच्या आतून बारीक आवाज आला. कर्र.

ती बाहेर कशी आली ते तिला कळलंच नाही.

बागेचे साहेब ऑफिसात चहा पीत होते. त्यांनी कॅमेऱ्यातले फोटो नुसते चाळले. "फोटोत काय, काहीही दिसतं. ते झाड माझ्या आजोबांच्या वयाचं आहे. आणि त्या चरात उतरायला कुणी सांगितलं तुम्हाला? उद्यापासून बागेत दिसलात तर याद राखा."

मामानं त्यांना फोन केला. "झाड तपासलेलं आहे," असं उत्तर मिळालं आणि घरातल्या मोठ्यांचं समाधान झालं. "ढब्बूला उद्या घरी ठेव ना," भिंगरीनं आईला विनवलं. "आणि कामावर काय त्याला कडेवर घेऊन जाऊ?" आई म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

सकाळी भिंगरीला जाग आली ती वाऱ्यानं. खिडकी थडाथडा आपटत होती.

फाटकावरचा रखवालदार आत सोडेना, म्हणून तिघं मागच्या कुंपणातून घुसले. मुलं हौदात रमली होती. रेडिओनं पाळणाघराच्या बाईंना गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"साहेबांनी कालच बजावलंय मला तुमच्याबद्दल," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "लहान मुलांना भीती घालू नका. निघा."

कर्र. या वेळी आवाज मोठा होता, पण वाऱ्यात तो बाईंना ऐकू गेला नाही. आता बोलून काही होणार नव्हतं. तिची नजर गवतात पडलेल्या रबरी नळीवर गेली.

"लंबू, नळ सोड. पूर्ण सोड."

तिनं नळी रोखली आणि पाण्याचा फवारा थेट हौदावर गेला. मुलं किंचाळत पळाली, बाई त्यांच्यामागे धावल्या. बघता बघता सगळी पार कारंज्याशी पोचली. ऑफिसातून साहेब हातवारे करत धावत आले.

पण हौद रिकामा झाला नव्हता. ढब्बू मध्यभागी उभा होता. पाणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तोंड वर करून, आ वासून तो पाणी झेलत होता आणि खदखदून हसत होता.

"ढब्बू, पळ," भिंगरी ओरडली. तो आणखीच हसला.

तिला मरणाची भीती वाटत होती. वर फांद्या हलत होत्या, आणि आता खोडही हलत होतं. ती धावली. त्याला काखेत मारलं आणि वळली. ओल्या वाळूत पाय रुतत होते. मागे काहीतरी फाटल्यासारखा प्रचंड आवाज झाला आणि पाठीवर पानांचा, मातीचा मारा बसला. ती गवतावर पालथी पडली.

मान वर केली तेव्हा हौद दिसतच नव्हता. तिथे फक्त फांद्या होत्या.

उपटलेल्या बुंध्याची कापलेली मुळं सगळ्यांना दिसली. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कारंज्याच्या उद्घाटनाची घाई होती," ते कसंबसं म्हणाले. "मुळं आड आली, तर मीच तोडायला लावली. झाड तपासलं वगैरे काही नव्हतं. पोरांनो, तुम्ही मला सावध करायला आला होतात आणि मी तुम्हाला हाकलून दिलं."

बातमी कळताच मामा धावत आला. त्यानं लंबूची आणि रेडिओची पाठ थोपटली. बाईंनी तिघांचं तोंड भरून कौतुक केलं. भिंगरीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ढब्बूच्या ओल्या सदऱ्याभोवती तिच्या मुठी घट्ट आवळल्या होत्या.

बाई तिच्याजवळ खाली बसल्या आणि तिचं एकेक बोट हलकेच सोडवू लागल्या. "सोड गं राणी आता. आहे तो. इथेच आहे."

"पुन्हा पाणी उडव ना ताई," ढब्बू म्हणाला.

तेव्हा कुठे भिंगरीला रडू फुटलं.