पाच बाजूंचा बोल्ट

हे मी रचलेले नाही. रचता आले असते, तर शेवट तरी माझ्या मनासारखा केला असता.

मागच्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन. जागा मामाचे गॅरेज; वर पत्रा, खाली तेलाने काळी पडलेली फरशी, रस्त्याच्या बाजूने लख्ख ऊन. भीतीला अंधार लागतो, असे मीही तोवर मानत होतो.

एका डॉक्टरांनी जुनी जीप घेतली होती. भंगारातून जुळवलेली. तिचा कुठला भाग मूळ कुठल्या गाडीचा, याची यादी त्यांना हवी होती. मामाने ते काम मला दिले, कारण माणसांपेक्षा लोखंडाशी माझे बरे जमते.

"हा आमचा मौनीबाबा," मामा डॉक्टरांना म्हणाला. "स्वतः तीन दिवस तोंड उघडणार नाही. पण गाडीला बोलतं करेल."

पद्धत साधी असते. ओतीव भागावरचा नंबर घासून वाचायचा. रंग पात्याने खरवडायचा. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा... प्रत्येक थर म्हणजे कुणाचे तरी संपलेले दिवस. इंजिन एका मालट्रकचे निघाले. बॉनेट रुग्णवाहिकेचे. पुढचा एक्सल लष्करी. गाड्या मोडल्या होत्या, माणसे पांगली होती, आणि उरलेले अवयव एका देहात येऊन राहिले होते.

मला वाईट वाटत होते. भीती वाटत नव्हती.

मग जॅक लावून मी मागच्या एक्सलखाली, दोन चाकांना जोडणाऱ्या पोकळ आसाखाली, शिरलो.

तेल काढायच्या बोल्टला पाना बसेना.

मी चिखल पुसला...

बोल्टच्या डोक्याला पाच बाजू होत्या.

असा बोल्ट कुणी बनवत नाही. सहा बाजू असतात. पाच बाजूंचा एकच मला ठाऊक होता, कारण तो मीच बनवला होता. सतरा वर्षांचा असताना, गोल सळईवर कानस चालवून, अंदाज चुकून. भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे पती, तेव्हा पोट धरून हसले होते. "असू दे रे. चोराला तरी खोलता येणार नाही," म्हणाले, आणि हौसेने तो आपल्या जीपला लावून घेतला.

त्याच वर्षी ती जीप धरणाच्या पाण्यात गेली.

काठावर चाकांच्या खुणा होत्या. पाणबुड्यांना गाडी सापडली नाही. भावोजीही नाहीत.

ताईने सात वर्षे वाट पाहिली. मग कोर्टाने त्यांना मृत ठरवले. आणि आता त्याच आठवड्याच्या शुक्रवारी, नोंदणी कार्यालयात, तिचे दुसरे लग्न होते.

मी तसाच उताणा पडून राहिलो. गाडी बुडालीच नसेल तर? ती विकून, नाव बदलून, भावोजी कुठेतरी जगत असतील तर? मग ताईच्या शुक्रवारचे काय?

पकडीने बोल्ट सोडवला. तेल आले नाही.

पाणी आले.

स्वच्छ. हाडे गोठवील इतके गार. त्या पोकळीत जेमतेम दीड लिटर मावते. माझी बादली भरली. मग दुसरी...

तेव्हा जाणवले, रस्ता गप्प झाला होता. मामा समोरच पत्रा ठोकत होता. हातोडा पडताना दिसत होता...

आवाज येत नव्हता.

आणि अधांतरी असलेले मागचे चाक फिरू लागले. सावकाश. कुणीतरी जपून गाडी मागे घ्यावी, तसे.

"भावोजी?"

चाक थांबले. हातोड्याचा आवाज कानांवर आदळला.

मी मामाला बोल्ट दाखवला. त्याने तो तळहातावर फिरवला. मामाच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"गंजून एक बाजू गेली असेल."

"मामा, तू मोज."

"नाही मोजणार. शुक्रवारपर्यंत तुझ्या मामाला मोजता येत नाही, असं समज."

त्याला काही ठाऊक होते का? आजही मला तो संशय आहे.

बुधवारी सकाळी मी डॉक्टरांची जीप जुळवून देणाऱ्या भंगारवाल्याकडे गेलो.

"तो एक्सल होय? अहो, आख्खी गाडी एक जण स्वतः चालवत घेऊन आला. गेल्या महिन्यात. ऊन मी म्हणत होतं आणि हा नखशिखांत भिजलेला! म्हटलं, साहेब, पाऊस काय तुमच्या एकट्यावर पडला?"

"मग?"

"हसला. खूप हसला. म्हणाला, मागचा एक्सल तोडू नका, कुठल्यातरी जीपला लावा. ओळखणारा ओळखेल."

"दिसायला कसा होता?"

तो बराच वेळ आठवत राहिला.

"कमाल आहे. कपडे आठवतात. हसणं आठवतं. चेहरा..."

त्याने मान हलवली.

यादीत मी लिहिले, मागचा एक्सल : मूळ अज्ञात.

माणूस मेला म्हणावे, तर गाडी कुणी आणली? जिवंत म्हणावे, तर ते पाणी कुठले? दोन्हींपैकी काहीही सांगितले असते, तरी ताईचा शुक्रवार मोडला असता.

शुक्रवारी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली होती. नवरदेव, शाळेत शिकवणारे एक सज्जन गृहस्थ, खिडकीपाशी अर्ज भरत होते.

"तीन दिवस नीट जेवला नाहीस म्हणे," ताई म्हणाली. "माझ्याकडे बघ. तुझ्या भावोजींबद्दल काही कळलं का तुला?"

सात वर्षांत प्रथमच तिच्या डोळ्यांतली काळजी निवली होती.

"नाही," मी म्हणालो.

ती हसली. माझी कॉलर सरळ केली.

"तू नाहीच म्हणशील, असं ते स्वतःच म्हणाले होते."

आतून तिचे नाव पुकारले गेले. ती उठली, आत गेली, तिने शांतपणे सही केली.

कधी म्हणाले, कुठे म्हणाले, हे मी विचारले नाही. वर्ष होत आले. ताई सुखात आहे. इतकी, की मला तिच्या घरी जाववत नाही; आत कुणाचे हसणे ऐकू येईल, याची भीती वाटते.