डावीकडची जागा

मॉडेल मोटारीच्या किटचा डबा उघडला की अनंतराव आधी स्टिअरिंग बघायचे. ते हमखास डावीकडे असायचं. किट परदेशातले, मोटारी परदेशातल्या. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो याची त्यांना काय पंचाईत! मग बारीक करवतीनं डॅशबोर्ड मधोमध कापायचा, तुकडे अदलाबदल करून चिकटवायचे, सांध्यात पुट्टी भरायची आणि वाळली की पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासत बसायचं. बोट फिरवलं तर सांधा लागता कामा नये. चिकलठाण्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये सारी नोकरी गेलेली, त्यामुळे डोळ्यापेक्षा बोटावर भरवसा जास्त.

समर्थनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काचेचं एक कपाट अशा हातभर-वीतभर मोटारींनी भरलं होतं. "घरात लहान मूल नाही तेच बरंय," प्रमोदिनीबाई नवऱ्याला म्हणायच्या, "नाहीतर दोघांची रोज मारामारी झाली असती."

पण या खेपेचा किट कपाटासाठी नव्हता. तो दादांसाठी होता.

दादा म्हणजे अनंतरावांचे थोरले भाऊ, दत्तोपंत. मराठवाड्यात कीर्तनाची आवड असलेल्या कुठल्याही घरात नाव सांगावं, म्हातारी माणसं हात जोडतील. आवाज असा, की देवळाच्या पायरीवर चपला सांभाळणाराही आत येऊन बसायचा. त्यांचा दंडक एकच, आरती झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकदा सोयगावात एक बडं धेंड मध्येच उठलं, तर बुवा झांज थांबवून म्हणाले होते, "बसा मालक. देव अजून उभाच आहे."

आणि त्याच सोयगावात गेल्या रामनवमीला बुवांचं स्वतःचंच कीर्तन अर्धं राहिलं. पूर्वरंग झाला, मध्यंतरात कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला. उत्तररंगाला उभे राहिले, कौसल्येच्या महालापर्यंत आख्यान आलं, बाराला थोडा अवकाश होता, आणि बुवा पाळण्याच्या दोरीकडे हात नेता नेता खाली कोसळले. आरतीचं ताट होतं तिथंच राहिलं. लोकांनी त्यांना जीपमध्ये घातलं.

तेव्हापासून उजवं अंग गेलं, वाचा गेली. दादा अनंतरावांकडे आले. खिडकीजवळच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर ताल धरायचा, तेवढीच काय ती हालचाल. दिवाळीनंतर तर अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी गुंतवा, नाहीतर हे हातचे जातील. त्या दिवशी अनंतराव दवाखान्यातून परतले ते सगळ्या घरभर येरझाऱ्या घालत राहिले. आईवडील लहानपणीच गेले होते, दादांनीच वाढवलं होतं. दादा जाणार हे वाक्य त्यांना मनातल्या मनातही पुरं करवेना.

मग अल्बममधला एक फोटो त्यांनी दादांपुढे धरला. काळी डुक्कर फियाट. एका कापूसवाल्या भक्तानं बुवांना दिलेली. उजवीकडे ड्रायव्हर सांडू, डोक्याला मुंडासं. मागच्या सीटवर बुवा. आणि पुढे, डाव्या बाजूला, मांडीवर झांजांची पिशवी घेतलेला नऊ-दहा वर्षांचा अनंता. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. खुलताबादचा घाट, कन्नड, सिल्लोड, सोयगाव. धुळीनं माखून तिघे गावोगाव हिंडायचे. निघताना दादा हाक मारायचे, "अनंता, येतोस ना?" आणि अनंता कुठेही असो, ओरडायचा, "आलोच दादा!" मगच सांडू गाडी चालू करायचा.

फोटो बघून दादांचे डोळे लकाकले. तेवढं अनंतरावांना पुरलं.

फियाटचा किट मिळेना. त्याच ठेवणीची दुसरी एक इटालियन मोटार पुण्याच्या पुतण्यानं मागवून दिली. नाक बसकं करायचं होतं, टप फुगीर करायचा होता. शिवाय जुन्या डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी, बिजागरी मागच्या अंगाला. किटची दारं काही उघडणारी नव्हती. टप सोडला तर सबंध बॉडी एकाच साच्यातली, दार म्हणजे नुसती वर कोरलेली रेघ. अनंतरावांनी तिच्यावरच्या दिखाऊ बिजागऱ्या तासून काढल्या आणि नव्या मागच्या बाजूला चिकटवल्या. गाडी घरंगळून टेबलावरून पडू नये म्हणून चाकंही आसाला पक्की चिकटवली.

रोज दुपारी टेबल दादांच्या खाटेशेजारी ओढून ते काम करत बसायचे. टप बसला त्या दिवशी दादांनी वाटीभर वरणभात खाल्ला. गुलमंडीतून आणलेल्या मखमलीच्या चिंधीची मागची सीट झाली, त्या दिवशी पेज मागून घेतली, खुणेनं. दादांची उस्तवारी करायला येणाऱ्या भागूबाई म्हणाल्या, "साहेब, ह्या खेळण्यात लई गुण हाय बघा. बुवांच्या गालावर मास चढाया लागलं."

अनंतरावांना काय हर्ष झाला म्हणता! गाडी पुरी होईपर्यंत दादा उठून बसतील, असाच त्यांचा हिशेब.

माती दिसली ती माघात. चारी टायरांच्या खाचांत काळी माती होती, कपाशीच्या रानातली असते तशी, चिकट. अनंतरावांनी ब्रशनं काढली. दुसऱ्या दिवशी परत.

"भागूबाई, गाडी कुणी कुंडीत फिरवली?"

"म्या नाय बाई! तुमच्या त्या टेबलाला हात लावायचा म्हंजी इस्तवाला हात."

"मग चालत गेली का गाडी?"

"गेली बी असंल," भागूबाई उशीचा अभ्रा घालत म्हणाल्या. "गाडीच हाय ना ती?"

प्रमोदिनीबाईंना हसू आलं. अनंतरावांना नाही आलं. कुंड्यांत माती लाल होती.

मग डाव्या मडगार्डला पोचा दिसला. नखाएवढा. प्लास्टिक दाबलं तर तडकतं, निदान पांढरं तरी पडतं. हा पोचा पत्र्याला पडावा तसा होता, काळा रंग जसाच्या तसा. अनंतराव तो बोटानं चाचपत राहिले आणि पुष्कळ वर्षांनी त्यांना आठवलं. खुलताबादच्या घाटात बकरं आडवं आलं होतं, सांडूनं त्याला वाचवायला गाडी दगडाला घासली होती. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ते स्वतःच विसरले होते.

टप काढून आत बघावं म्हणून त्यांनी तो अलगद उचलला. आतून बुक्क्याचा वास आला. मागची मखमल एका बाजूला दबली होती, कुणी बसून गेल्यासारखी. आणि पुढे, उजवीकडची सीटही.

डावीकडची तेवढी कोरी होती.

त्यांनी टप बसवला. हात धुतले. परत धुतले. त्यांना एका जागी बसवेना. गच्चीत गेले, आत आले, पंखा लावला, बंद केला.

"अहो, झालंय काय तुम्हाला?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत खाटेवरून आवाज आला. खरखरीत, पण शब्द स्वच्छ.

"सांडूला म्हणावं, आलोच."

प्रमोदिनीबाई धावल्या. "दादा! बोललात दादा! अगं बाई, भागूबाई, साखर आणा!" त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. अनंतराव मात्र दारातच उभे राहिले. सांडूला जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. दादांसोबत ते स्वतः त्याच्या मातीला गेले होते.

त्या दिवसानंतर त्यांनी काम थांबवलं. एकच गोष्ट राहिली होती, पुढचे दोन दिवे. मूर्तीचे डोळे जसे शेवटी लिहायचे, तसे गाडीचे दिवे शेवटी बसवायचे, ही त्यांची जुनी रीत. दिव्यांच्या दोन इवल्या काचा त्यांनी प्रमोदिनीबाईंच्या जुन्या कुंकवाच्या डबीत घातल्या आणि डबी देव्हाऱ्यामागे सारली. दिव्यांवाचून सांडू गाडी काढत नसे. भर दुपारीही आधी दिवे पुसायचा.

आपण कसला विचार करतोय, हे अनंतरावांना कळत होतं. मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला शोभणारा विचार नव्हता तो. पण डबी त्यांनी काढली नाही.

दादा पुन्हा बोलले नाहीत. अन्न परत तुटलं. आता डावा हात थांबेना. खाटेच्या कडेवर ताल, ताल, ताल. झोपेतसुद्धा. बोटांची सालं निघाली. भागूबाईंनी चिंध्या गुंडाळल्या, तर चिंध्यांतून ठेका ऐकू यायचा. डोळे गाडीकडे लागलेले, गाडी कपाटात ठेवली तर कपाटाकडे.

रामनवमी उजाडली. सकाळपासूनच ऊन तापलं होतं. कोपऱ्यावरच्या देवळात जन्माचं कीर्तन लागलं, कर्ण्यातून झांजेचा आवाज घरात येऊ लागला. दादांचा ठेका बरोबर त्याच लयीत पडत होता.

प्रमोदिनीबाई दादांचं तोंड पुसून बाहेर आल्या. अनंतराव हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते.

"त्या काचा कुठं ठेवल्यात?"

"कुठल्या काचा?"

"माझ्या डबीतल्या. सगळं दिसतं मला." त्या खुर्चीवर बसल्या. "मला तुमच्यासारखं मोजता येत नाही. पण जन्मभर कीर्तनं ऐकलीत. आरती राहिलेला कीर्तनकार कसा दिसतो, ते रोज बघतेय त्या खाटेवर."

"आणि दिवे बसवले आणि दादा..."

"गेले तर जातील. तुम्ही काय राखून ठेवलंय? हात तेवढा उरलाय त्यांचा, बाकी सगळं तिकडं सोयगावातच राहिलंय." त्या खुर्चीवरून उठल्या. "मूल आईला धरून ठेवतं तसं धरलंय तुम्ही. सोडा आता."

अनंतराव देव्हाऱ्यापुढे गेले, हात जोडले. मग डबी काढली.

दादांच्या खाटेशेजारी टेबल ओढलं. चिमट्यात पहिली काच धरली. एक बसली. दुसरी बसली. काचांवर लागलेलं कुंकू त्यांनी पुसलं नाही.

"नवी गाडी आहे, लिंबं ठेवायला हवीत," प्रमोदिनीबाई उगाच हसल्या आणि स्वयंपाकघरातून चार मोहऱ्या घेऊन आल्या. चाकांखाली एकेक सारली. या गाडीला तेवढीच लिंबं पुरत होती. बॉनेटवर काडीनं स्वस्तिक काढलं.

कर्ण्यावर कीर्तनकार कौसल्येच्या महालात आले होते.

दादांचा हात थांबला.

घरात एकदम शांत वाटलं. भागूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दादांनी मान वळवली, अनंतरावांकडे बघितलं. इतकं स्वच्छ, इतक्या मायेनं, की अनंतरावांना मांडीवरची पिशवीच जाणवली, पितळेच्या झांजांचं वजन.

"अनंता," दादा म्हणाले. आवाज जुनाच, भरदार. "येतोस ना?"

"आलोच दादा," अनंतराव म्हणाले.

विचार करून नव्हे. तोंडातून निघून गेलं, नेहमीसारखं.

देवळात बारा वाजले. गुलाल उधळल्याचा गलका झाला, पाळणा सुरू झाला, मग आरती. दादांचे ओठ आरतीभर हलत होते. ती संपली तेव्हा ते गेले होते.

सगळं यथासांग झालं. माणसं येत राहिली, बुवांच्या आठवणी सांगून रडली, हसली. "रामनवमीला, जन्माच्या आरतीला गेले, काय पुण्य!" असं ज्यानं त्यानं म्हटलं. अनंतरावही हो हो म्हणत राहिले. खरं तर त्यांना हलकंही वाटत होतं. दादा आरती पुरी करून उठले होते.

गोडजेवण झालं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी ते पुन्हा त्या खोलीत आले. खाट काढून नेली होती. टेबल तिथंच होतं. गाडीवर कुणीतरी रुमाल टाकला होता.

त्यांनी तो काढला.

चारी मोहऱ्या चिरडल्या होत्या. टेबलावर तेलाचे चार बारके डाग. मूठभर पोह्यांपेक्षा जड नसेल अशी गाडी, चाकं आसाला चिकटवलेली. भागूबाईंनी फडकं मारताना दाबली असेल, ते स्वतःशी म्हणाले.

चाकांत काळी माती होती. ओली.

"अहो, चहा टाकू का?" आतून प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

ते खाली वाकले. दोन्ही दिवे पुसलेले होते, कुंकवाचा कण नव्हता. मागची मखमल खोल बसली होती. उजवीकडची सीटही. डावीकडची कोरी.

त्यांनी चष्मा लावला आणि टेबलाला वळसा घालून त्या बाजूला आले.

जिथं नुसती रेघ कोरलेली होती, तिथं डाव्या बाजूचं पुढचं दार उघडं होतं. उलटं, मागच्या बिजागरीवर, पूर्ण उघडं. कुणीतरी आत बसावं म्हणून आतून ढकलून धरल्यासारखं.