निजखोलीचं बटण

"टिचली," मावशी म्हणाली.

लांब मानेची निळी सुरई तिच्या हातात होती. सुरईच्या पोटावरून एक बारीक तडा सरळ मानेपर्यंत गेला होता. आठवड्यातली ही तिसरी.

काचेच्या संग्रहालयात अगदी मागे मावशीची कार्यशाळा होती. पुढच्या दालनांत जुन्या बाटल्या, झुंबरं, कंदिलाच्या चिमण्या कपाटांत बंद होत्या. इथे मात्र मावशी लोकांसमोर फुंकणीने काच फुगवून दाखवायची. सुट्टीत तिच्याकडे राहायला आलेली भाचरं, म्हणजे वाद घालण्यात पटाईत वकिलीण आणि तिचा भाऊ चष्म्या, रोज तिच्याबरोबर यायची. मावशीची लेक शेंडेफळ तर येणारच.

संचालकसाहेब आत आले. येता येता त्यांनी दाराच्या काचेवरचा बोटाचा डाग रुमालाने पुसला आणि चष्म्याकडे संशयाने पाहिलं.

"पुन्हा तडा? बाई, रविवारी पाहुणे आहेत. उद्या केलेली सुरई परवा धड निघाली नाही, तर हे प्रात्यक्षिक कायमचं बंद. इथे पडदा लावू, फिल्म दाखवू. फिल्मला तडे जात नाहीत."

मावशीने सुरई फुटक्या काचांच्या टोपलीत ठेवली.

साहेब गेल्यावर चष्म्याने विचारलं, "पण काच अशी आपोआप का टिचते?"

"घाईने निवली की टिचते. वरून गार, आतून गरम, मग तिची ओढाताण होते. म्हणून तर तिला निजखोलीत ठेवायचं." निजखोली म्हणजे भिंतीशी असलेली विजेची छोटी भट्टी. "ही रात्रभर हळूहळू ऊब कमी करते. सकाळी काचही गार, भट्टीही गार."

"आणि संध्याकाळीच बंद पडली तर?"

"उगाच कशाला बंद पडेल? सकाळी येते तेव्हा दिवा लागलेला असतो तिचा."

तेवढ्यात शिडीवर चढून भिंतीवरचं विजेचं घड्याळ लावणारे पहारेकरीकाका करवादले, "ह्या मेल्यालाही काय झालंय कोण जाणे. सकाळी बघावं तर संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. मी सगळी बटणं खटाखट लावली की तिथून पुढे चालायला लागतं."

"रोज?" चष्म्याने चष्मा वर सरकवला.

"रोज. दोनदा दुरुस्त करून आणलं. दुकानदार म्हणतो, काही झालेलं नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घड्याळाची वायर भिंतीवरून खाली आली होती, निजखोलीची बाजूने आली होती, आणि दोन्ही एकाच जुन्या काळ्या बटणापाशी पोचत होत्या. बटणाच्या वरची भिंत नुकतीच रंगवलेली होती. वकिलीणने नखाने रंग खरवडला. खालून अक्षरं निघाली: 'भट्टी. बंद करू नये.'

"मावशी, रंगाऱ्यांनी तुझी पाटी रंगवून टाकलीय. तू गेल्यावर हे बटण कुणीतरी बंद करतं!"

"अगं, मी निघते तेव्हा कुणीही नसतं इथे. राहू दे आता, मला काम करू दे."

काकांनी मान हलवली. "मी दाराशी असतो. मला काय माहीत?"

साहेबांनी तर पुरतं ऐकलंच नाही. "संग्रहालयात बघायचं असतं, भिंती खरवडायच्या नसतात. आणि त्या कपाटापासून लांब राहा."

"आपण सांगतो तेवढं सोडून मोठ्यांना सगळं ऐकू येतं," वकिलीण वैतागून म्हणाली.

पाचनंतर लपून बघावं म्हटलं, तर काकांनी तिघांनाही मांजराच्या पिल्लांसारखं बाहेर काढलं. पण त्याआधी चष्म्याने एक काम उरकलं होतं. गरम काच घोळवायचा मावशीचा लाकडी साचा आतून जळून काळाकुट्ट झाला होता. त्यातली कोरडी काजळी त्याने त्या काळ्या बटणावर सढळ हाताने चोळली. त्या दिवशी निजखोलीत मावशीने नुसते दोन साधे पेले ठेवले होते.

सकाळी पेले टिचलेलेच निघाले. मावशी ते बाहेर काढत होती. तेवढ्यात पुढून साहेबांचा आवाज आला.

"माझ्या नव्या पांढऱ्या बटणांवर हे काळे ठसे कुणाचे? सगळ्यांना बोलवा. त्या मुलांना आधी."

सगळे जमले. बाटल्यांच्या दालनात ठसा, झुंबरांच्या दालनात ठसा, तिकीटखिडकीशी थोडा फिकट ठसा.

"हे तुमचेच उद्योग," साहेब मुलांना म्हणाले.

शेंडेफळने उडी मारून बटणाला हात लावायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही.

"आम्हाला काकांनी पाचला बाहेर काढलं," वकिलीण म्हणाली. "काका, खरं ना?"

"कान धरून," काकांनी साक्ष दिली.

"मग ठसे कुठून निघाले आणि कुठे गेले ते बघू या की."

वरात निघाली. ठसे कार्यशाळेतल्या बटणापासून निघाले होते आणि एकेक दालन ओलांडून थेट साहेबांच्या खोलीपर्यंत गेले होते. खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली फक्त साहेबांकडे. त्यांनी दार उघडलं. टेबलावरच्या दिव्याच्या बटणावर शेवटचा ठसा होता.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि घाईने परत खिशात कोंबला. तो कालचाच होता, आणि काजळीने काळा झाला होता.

"मी... मी वीज वाया जाऊ नये म्हणून फेरी मारतो," ते पुटपुटले. "दिसेल ते बटण बंद करतो."

"आणि सकाळी मी ते परत लावतो," काकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे घड्याळाचा काही दोष नव्हता."

"मावशीचाही नव्हता," चष्म्या म्हणाला.

साहेब मावशीकडे वळून म्हणाले, "बाई, चूक माझी. मुलं कालच सांगत होती."

"माझंही चुकलं," मावशी म्हणाली. "मी तरी कुठे ऐकलं?"

तिने त्या दिवशी सुरई केली. वकिलीणने बटणावर ठळक अक्षरांत नवी पाटी लावली: 'भट्टी. बंद करू नये. संचालकांनी तर मुळीच नाही.' साहेबांनी ती वाचली, तोंड वाकडं केलं, पण काढली नाही.

शनिवारी सकाळी घड्याळ अगदी बरोबर चालत होतं. मावशीने निजखोली उघडली, सुरई उजेडात धरली आणि नखाने टिचकी मारली. टणत्कार खोलीभर घुमला. कुठे केसाएवढाही तडा नव्हता.

"शाबास रे पोरांनो," काका म्हणाले. मावशीने तिघांनाही एकदमच कवेत घेतलं.

"रविवारी पाहुण्यांना ह्या तिघांची गोष्ट मी स्वतः सांगणार," साहेब म्हणाले. "काय सुरेख झालीय." आणि त्यांनी सुरईकडे बोट पुढे केलं.

"हात लावू नका," तिघंही एका सुरात म्हणाली.