पाय टेकायची मुभा

जागतिक ट्रायल्स सायकल स्पर्धेच्या सकाळी साताऱ्याजवळच्या जुन्या दगडखाणीत देशोदेशीचे खेळाडू सराव करत होते, आणि सगळेच्या सगळे वसुधाच्या वडिलांसारखे उभे राहत होते. मागच्या चाकावर सायकल तोलून धरताना डावा खांदा किंचित खाली. आबांचा तो खांदा तरुणपणी मोडून वाकडा जुळला होता. जपानच्या मुलाचा, चिलीच्या दाढीवाल्याचा खांदा चांगला धडधाकट होता. तरी तो खाली जात होता.

प्रत्येकाच्या कमरेला तोलपट्टा होता. आबा, म्हणजे यशवंत ढमाळ, या खेळाचे माजी जगज्जेते. सायकल दगडांवरून उड्या मारत न्यायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, असा हा खेळ. आबांच्या स्नायूंना मेंदूकडून जाणारे संदेश पट्टा बनवणाऱ्या कंपनीने वर्षानुवर्षं टिपले होते. पट्टा चालू केला की तेच संदेश दुसऱ्याच्या पायांत उतरत. तोल जायच्या आत शरीर सावरलं जाई. गेल्या वर्षी याच पट्ट्याची चाचणी घेताना आबा कड्यावरून पडून वारले. मानवी चूक, असं कंपनीने जाहीर केलं आणि पट्टा बाजारात आणला.

वसुधाने चौथ्या टप्प्याच्या निरीक्षकाचं काम मुद्दाम मागून घेतलं होतं. तिला हे जवळून बघायचं होतं.

कंपनीचा मुख्य अभियंता सौमित्र तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "बघताय ना, वसुधाताई? सर गेलेत असं वाटतच नाही."

"मला वाटतं," वसुधा म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "आबा कधीकधी कड्यापाशी यायचे, दगड बघायचे आणि सरळ पाय टेकायचे. दंडाचे पाच गुण घ्यायचे, सायकल खांद्यावर टाकायची, चालू लागायचे. इथे कुणी तसं करताना दिसत नाही."

"कसं दिसेल? ते फसलेले प्रयत्न. पाय टेकला की ती फेरी आम्ही बादच करायचो. पट्ट्याला अपयश कशाला शिकवायचं?"

"ते फसायचे नाहीत. ते माघार घ्यायचे."

"गुणांच्या हिशेबात एकच की, ताई."

"मग घालणाऱ्याला पाय टेकावासा वाटला, तर पट्टा काय समजतो?"

"तोल जातोय असं समजतो. आणि सावरतो."

"म्हणजे टेकू देत नाही."

सौमित्र हातातल्या पडद्यावर काहीतरी बघू लागला. चाचणीच्या दिवशी आबांच्या कमरेलाही हाच पट्टा होता. त्यांचाच तोल, त्यातलं शहाणपण वेचून काढलेला.

शिट्टी वाजली. शलाकाची पाळी होती. कोरेगावची ही मुलगी आबांची शेवटची शिष्या.

"ताई, ओळख दाखवू नका हां! दंड द्यायचा तर खुशाल द्या," ती हसत ओरडली.

"शलाके, त्या जपान्याला कोरेगावचं पाणी दाखव!" बांधावरून कुणीतरी हाळी दिली.

खालचे दगड तिने सहज पार केले. मग ती दोन दगडांमधल्या मोठ्या फटीपाशी आली. पलीकडच्या दगडावर आधीच्या खेळाडूंच्या चाकांनी ओला चिखल माखून ठेवला होता. शलाका मागच्या चाकावर जागच्या जागी उड्या मारत राहिली. तिचं हसू मावळलं. उजवा पाय पेडलवरून बोटभर उचलला गेला आणि ओढल्यासारखा परत बसला. पुन्हा उचलला, पुन्हा बसला. चेहरा नको म्हणत होता आणि गुडघे उडीसाठी वाकत होते.

निरीक्षकाने खेळाडूला हात लावायचा नसतो. वसुधाने धाव घेऊन एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्याने पट्ट्याचं बक्कल ओढलं. दोघी सायकलसकट अलीकडेच कोसळल्या.

"काय केलंत हे?" शलाका किंचाळली. "अंतिम फेरी गेली माझी!"

"तुला उडी मारायची होती?"

शलाका आपल्या पायांकडे बघू लागली. गुडघ्यातून रक्त येत होतं.

सौमित्र धापा टाकत पोचला. "ती आरामात पलीकडे गेली असती! हातातलं पदक घालवलंत पोरीचं."

"आबाही पलीकडे जातील असंच वाटलं होतं ना तुम्हाला?"

"आरोप करताय. पुरावा आहे?"

"होता," वसुधा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माझ्या बापाने आयुष्यभर जिथे जिथे पाय टेकला, तो सगळा पुरावाच होता. तुम्ही तो बाद केलात."

मुख्य पंच आले आणि त्यांनी तिच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. तिने काढू दिली.

शलाका अजून आपल्या पायांकडे बघत होती. "सौमित्रदादा," ती हळूच म्हणाली, "मला थांबायचं होतं. दोनदा. माझाच पाय मला का टेकता आला नाही?"

पंचांनी पुढचं नाव पुकारलं. चिलीचा दाढीवाला पट्टा चालू करून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून, सायकल जागीच तोलत उभा होता. "काय म्हणाली ती?" त्याने इंग्रजीत विचारलं.

वसुधाने त्याला शब्दन् शब्द सांगितला. मग त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आत्ता, इथल्या इथे," तिने विचारलं, "तुला खाली उतरता येतंय का?"